कायली मिनोगची पहिली एल.पी.: आठशे रुपयांची तबकडी

ऑस्ट्रेलियन गायिका आणि नटी कायली मिनोगची 'कायली' ही १९८८ सालची पहिली एल.पी. मी गेल्या महिन्यात पुण्यातल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या एका दुकानातून ८०० रुपयांना घेतली. 'एकदम स्वच्छ' म्हणून हाती दिलेल्या या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर घरी आल्यावर ओरखडा निघाला, आणि आवरणाच्या खालच्या कोपऱ्यात कुठल्याशा पावसाळ्याने सोडलेला बुरशीचा तपकिरी डागही दिसला. तक्रार केली तेव्हा 'जुनी वस्तू आहे, एवढं चालायचंच' असे उत्तर मिळाले. घेणाऱ्याने तबकडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात तिरपी धरून पाहावी, दुकानातल्या ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नये.

पहिली बाजू मात्र उत्तम वाजते. ही तबकडी निघाली तेव्हा कायली नुकतीच २० वर्षांची झाली होती आणि ऑस्ट्रेलियातले प्रेक्षक तिला ओळखत होते ते 'नेबर्स' या मालिकेतली, गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करणारी शार्लीन म्हणून. १९८६ साली ती या मालिकेत आली. पुढे मेलबर्नमधल्या एका फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात तिने सहकलाकारांबरोबर गाणी म्हटली, त्यांतले 'लोकोमोशन' १९८७ साली रेकॉर्ड झाले आणि ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मुळात ते १९६२ साली लिटल इव्हाने गायलेले गाणे, या एल.पी.वर ते लंडनमध्ये नव्याने केलेल्या रूपात आहे.

लंडनमधले तिचे पहिले काम तर एखाद्या प्रहसनात शोभावे असे झाले. स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या गीतकार-निर्मात्यांच्या त्रयीच्या स्टुडिओत ती पोहोचली तेव्हा ती येणार आहे हेच तिथे कोणाच्या लक्षात नव्हते, आणि ती बाहेर बसलेली असताना सुमारे ४० मिनिटांत 'आय शुड बी सो लकी' लिहिले गेले, असे सांगतात. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ही हकीकत कळल्यावर गाणे पुन्हा लावले, तेव्हा माझ्या लक्षात आले की ऐन वेळी हातात पडलेला प्रवेश मालिकेतल्या सराईत नटीने निभावून न्यावा, तसे ती हे गाणे निभावते. आवाज पातळ आहे, पल्ला बेताचाच आहे, पण शब्द स्वच्छ येतात आणि ताल यंत्राचा असूनही ती त्याच्या मागे फरपटत नाही. 'ज न से पा पुर्क्वा' या संथ गाण्यात हा गुण सर्वांत उघड दिसतो, पूर्ण एल.पी.त मला तेच अधिक आवडले.

आपल्याकडे नटीने गाणे यात नवल नाही. जयमाला शिलेदार किंवा कीर्ती शिलेदार यांना ऐकलेल्या पुणेकर रसिकाला हा आवाज कोवळा आणि बिनतयारीचा वाटेल, आणि ते खरेच आहे. पण संगीत नाटकात गळा असल्याशिवाय भूमिका मिळत नसे. इथे भूमिका आधी आली आणि गळ्याचे पुढे पाहू, असा व्यवहार होता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये शार्लीनच्या लग्नाचा भाग जवळजवळ २ कोटी लोकांनी पाहिला. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्याची तबकडी कशीही खपली असती, असे मीही ऐकण्याआधी म्हणत होतो; पहिल्या बाजूने ते मत बदलायला लावले.

दुसऱ्या बाजूची सुरुवात 'टर्न इट इंटू लव्ह'ने चांगली होते, नंतर मात्र एकाच साच्यातली गाणी ओळीने येतात. शेवटच्या 'लव्ह ॲट फर्स्ट साइट'वरून कोणी घोटाळ्यात पडू नये. २००२ साली गाजलेले तिचे त्याच नावाचे गाणे वेगळे आहे.

आवरण डागाळलेले असेल तर ८०० रुपये जास्त आहेत, ५०० पर्यंत घासाघीस करावी. माझ्या प्रतीतला ओरखडा 'लुक माय वे' या गाण्यावर आहे. तिथे मी सुई उचलून पुढच्या गाण्यावर ठेवतो, आणि खरे सांगायचे तर ओरखडा नसता तरी तसेच केले असते.