तीन सिलिंडरच्या गाडीतून निघालेलं चार भोकांचं गॅस्केट

ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की टेम्परेचरचा काटा वर चढायचा, मोकळ्या रस्त्याला लागली की आपोआप खाली यायचा. एवढ्या एका लक्षणावर माझ्याकडून हेड गॅस्केटच्या (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, जे सिलिंडरमधला वायू पाण्यात जाऊ देत नाही) कामाचे पूर्ण पैसे घेतले गेले. गॅस्केट गेलेलं नव्हतं आणि कुणी बदललंही नव्हतं. हीच युक्ती इतरांवरही चालू शकते, म्हणून जसं घडलं तसं लिहितो आहे.

गॅरेजवाल्याने गाडी थंड असताना माझ्यासमोर रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि इंजिन चालू केलं. जरा वेळाने तोंडाशी बुडबुडे यायला लागले. "बघा, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय. हेड गॅस्केट गेलं. असंच चालवाल तर इंजिन बसेल." डोळ्यांसमोर बुडबुडे दिसत असताना नाही कोण म्हणणार? पण नव्याने पाणी भरल्यावर आत अडकलेली हवा बाहेर पडतेच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडून पाणी फिरायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ बुडबुडे येतात, आणि ते चांगल्या इंजिनातही येतात. गॅस्केट खरंच फुटलं असेल तर हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नाहीत, रेस दिली की बहुतेक वेळा वाढतात, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो.

बाकीची लक्षणं त्याने तपासलीच नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत नव्हता. टाकीतल्या कूलंटची पातळीही उतरत नव्हती. शंका असेल तर सरळ चाचणी करता येते: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून आतली हवा त्यातून खेचतात. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत ते निळं द्रावण पिवळं पडतं. हेड उतरवण्याआधी एवढं करून बघायला काहीच हरकत नसते.

बिलात हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं), नवे हेड बोल्ट, कूलंट आणि मजुरी असं सगळं लावलेलं होतं. गाडी रात्री ताब्यात मिळाली, रस्ता मोकळा होता, काटा जागेवर राहिला. पुढच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा तेच.

मग घरीच बॉनेट उघडून बसलो. गाडी वेगात असते तेव्हा समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो. उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. म्हणजे फक्त उभी असताना तापते तर आधी पंखा बघायचा. उलट फक्त चढावर किंवा हायवेला तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोय का, हे बघायचं. एक गोष्ट आधीपासून खटकत होती: गाडी उभी असली की एसीची हवाही कोमट यायची. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही तोच पंखा वारा देतो. दोन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळत होत्या.

इंजिन चालू ठेवून एसी लावला, पंखा हलला नाही. फ्यूज शाबूत होता. पंख्याचा कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या, पंखा जोरात फिरला. म्हणजे मोटर ठीक होती. मग इग्निशन बंद करून फ्यूज बॉक्समधला पंख्याचा रिले (पंख्याला करंट जोडणारा छोटा स्विच) काढला आणि त्याच नंबरचा हॉर्नचा रिले त्या जागी बसवला. एसी लावताच पंखा सुरू. काडेपेटीएवढा एक रिले खराब होता, बस्स. (पंख्याजवळ काम करताना बोटं जपा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.)

त्यानंतर बदललेल्या पार्टची पिशवी बाहेर काढली. ती मी गॅरेजमधून गाडी ताब्यात घेतानाच मागून घेतली होती. आत स्टीलच्या पातळ पत्र्यांचं, काजळी धरलेलं जुनं गॅस्केट होतं. सिलिंडरची भोकं मोजली तर चार. माझी गाडी तीन सिलिंडरची आहे.

टॉर्च घेऊन इंजिन पाहिलं. हेड उतरवायचं तर टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), दोन्ही मॅनिफोल्ड (हेडला जोडलेले हवेचे आणि धुराचे पाइप) आणि टायमिंगची चेन किंवा बेल्ट सोडवावा लागतो. टॅपेट कव्हरच्या बोल्टभोवती तेल-धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता, एक्झॉस्टच्या नटांवरचा गंज कुठेही खरवडलेला नव्हता. पाना लागलेल्या नटाच्या कडा चकचकीत होतात. इथे एकही तसा नट नव्हता.

म्हणून हेडचं काम काढायचंच असेल तर काम चालू असताना, हेड उतरवलेलं असतानाच, स्वतः जाऊन बघा. जमत नसेल तर गाडीच्या नंबर प्लेटसकट फोटो मागा. फेसिंग केलं असेल तर मशीन शॉपचं वेगळं बिल असतं, ते मागा. हेड किती वाकलं होतं तेही विचारा. सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) लावून ते मोजतात आणि उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत येतं. ज्याने काम केलंय त्याला तो आकडा सांगता येतो.

गॅरेजवाल्यासमोर गॅस्केट ठेवलं तेव्हा "पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं" असं उत्तर आलं. मग माझ्यासमोर टॅपेट कव्हर उघडा म्हटलं, त्याला तो तयार झाला नाही. पार्टचे पैसे परत केले, मजुरी आणि कूलंटचे नाही. बिल आणि फोटो जोडून लेखी तक्रार केली आहे. मध्यंतरी त्याने ते गॅस्केट परत मागितलं. ते दिलेलं नाही, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत देणारही नाही.