खडकावरून स्ट्राइप्ड बास: जिवंत वाम की बकटेल?

अमेरिकेत ऱ्होड आयलंडला पॉइंट ज्युडिथच्या खडकांवर स्ट्राइप्ड बास हा अंगावर पट्टे असलेला मासा गरवायला जाणाऱ्यांसाठी सांगतो, जिवंत वाम आणि बकटेल हा नकली मासा, दोन्ही वापरून झालंय माझं.

जिवंत वाम रात्रीची. अंधार, पाणी जरा शांत, आणि हळूहळू गुंडाळत आणायची, मोठा बास हिलाच लागतो असं माझं ठाम मत आहे. पण सांभाळणं कठीण हो, बुळबुळीत इतकी की कोरड्या फडक्याशिवाय हातात राहत नाही, आणि जरा ढिली सोडली की तंगूसाला स्वतःच गाठी मारून बसते, म्हणून बर्फावर ठेवायची, मग सुस्त पडते. आमिष लावायचं तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, सक्तीचा आहे, आणि ते चांगलंच आहे, गळ जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. 2023 पासून 28 ते 31 इंचातलाच एक मासा दिवसाला ठेवता येतो, म्हणजे बाकी सगळे सोडायचेच, ते जगले पाहिजेत ना!

बकटेल म्हणजे शिशाच्या डोक्याला हरणाच्या शेपटीचे केस. लाटा फुटून पांढरा फेस झाला की हीच काढा. फेसात छोटे मासे गडबडतात आणि बास अगदी खडकाला लागून टपलेला असतो, त्यामुळे शेवटच्या दहा फुटांत घाई करू नका. खडकात अडकून तुटतात मात्र, चार-पाच जास्तीच्या न्या.

मी दिवसा बकटेल, रात्री वाम. खिळ्यांचे बूट दोन्हीला हवेतच, शेवाळ वाईट आहे.