विहिरीच्या संरक्षणासाठी रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण: नाशिकमधील एका सेवेचे परीक्षण

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेवर छाटणीच्या आणि काढणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे मुक्कामाला असतात. त्यांच्यासाठी पक्क्या खोल्या आणि संडास बांधायचे ठरल्यावर शोषखड्डा कुठे घ्यावा, हा प्रश्न आला, कारण सर्वांचे पिण्याचे पाणी त्याच रानातील विहिरीचे आहे. त्यासाठी नाशिकमधील एका खासगी भूजल सल्लागार संस्थेकडून रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण, म्हणजे जमिनीचे थर विजेला किती विरोध करतात याची मोजणी, करून घेतले. आपल्याकडे हे यंत्र बोअरचा पॉइंट काढण्यापुरतेच बोलावतात. पाणी कुठे लागेल हे सोडून घाण कुठून उतरेल, असे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच, असे त्यांच्या भूवैज्ञानिकाने सांगितले.

प्रत्यक्ष काम चोख झाले. एका रेषेत चार पोलादी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या जसजशा लांब न्याव्यात तसतशी वीज अधिक खोल उतरते आणि खालच्या थरांचा विरोध कळू लागतो. सुक्या मुरमात खुंटी धरेना, तेव्हा तिच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतून मगच वाचन घेतले. मला विशेष आवडली ती जागेची निवड. मी बागेतल्या मोकळ्या पट्ट्याकडे बोट दाखवले, तर संस्थेचा तरुण म्हणाला, "नको काका, मांडवाचे अँगल जमिनीत आणि तारा वर, सगळा करंट तेच खातील." त्याने रेषा पडीक तुकड्यात घेतली. घाई करणारा माणूस असता तर बागेतच आकडे घेऊन मोकळा झाला असता.

या आकड्यांवरून संरक्षण ठरवण्याची रीत सोपी आहे. थराच्या जाडीला त्याच्या रोधकतेने, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाच्या ओहम-मीटरमधील मापाने, भागायचे आणि पाण्याच्या पातळीवरच्या सर्व थरांची बेरीज करायची. चिकण माती वीज सहज वाहू देते आणि पाणी मात्र सावकाश झिरपू देते, म्हणून बेरीज जितकी मोठी तितके कवच चांगले मानतात. विहिरीच्या वरच्या अंगाला दीड मीटर काळी माती ६ ओहम-मीटरची आणि तिच्याखाली सहा मीटर मुरूम ३० ओहम-मीटरचा निघाला, बेरीज ०.४५, म्हणजे प्रचलित वर्गवारीत मध्यम. नाल्याकडे माती वाहून गेलेली आहे आणि ४० ओहम-मीटरचा जेमतेम तीन मीटर मुरूम उरला आहे. तिथे बेरीज ०.०७५, म्हणजे ०.१ च्याही खाली आणि निकृष्ट. तो कोपरा सोडायचा, हे त्यातून स्पष्ट झाले.

अहवाल मात्र तितका चोख नव्हता. जुन्या उकिरड्याजवळचा भाग नकाशात सर्वात सुरक्षित म्हणून हिरवा रंगवला होता, कारण तिथल्या मुरमाची रोधकता १२ भरली आणि बेरीज ०.७५ वर गेली. पण त्याच खोलीवर शेजारी ३० भरणारा मुरूम इथे १२ कसा, हे कुणी विचारलेच नव्हते. क्षार मुरलेले पाणीही रोधकता खाली आणते. म्हणजे हिरवा रंग जाड चिकणमातीमुळे आला की वर्षानुवर्षे साचलेल्या शेणखताच्या निचऱ्यामुळे, हे विजेचे वाचन एकट्याने सांगू शकत नाही. हा मुद्दा मांडल्यावर संस्थेचा माणूस विनातक्रार पुन्हा आला आणि त्याने उकिरड्यालगतच्या बंद बोअरचे पाणी काढून त्याची विद्युतवाहकता मोजली. ती विहिरीच्या पाण्यापेक्षा स्पष्टच जास्त निघाली आणि सुधारित नकाशात तो भाग लाल झाला. बोअरचे पाणी नायट्रेटसाठी प्रयोगशाळेत देण्याचा सल्लाही त्यानेच दिला. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हे सारे पहिल्या अहवालातच असायला हवे होते.

दुसरी उणीव काळ्या मातीच्या भेगांची. उन्हाळ्यात आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळवाचे पहिले पाणी त्यांतून थेट मुरमात जाते, त्यामुळे ओल्या मातीत घेतलेला ०.२५ (दीड भागिले सहा) हा बेरजेतला तिचा वाटा मे महिन्यात कितपत खरा मानायचा? बेसाल्टच्या सांध्यांचेही तेच. कठीण पाषाणातली एक फट सरासरी आकड्यात दिसत नाही. अहवालात या दोन्हींचा उल्लेख नाही आणि तो केवळ इंग्रजीत आहे, हेही शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

तरीही मी ही सेवा घ्या असेच सांगेन. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी १९८७ मध्ये तयार झालेली ड्रास्टिक ही, भूजल किती सहज दूषित होईल याची, सात घटकांची गुणांकन पद्धत तालुकाभराच्या नकाशाला ठीक आहे. एका रानात खड्डा दहा पावले इकडे की तिकडे, हे ठरवायला अशी प्रत्यक्ष चाचणीच लागते. शुल्क दर चाचणीमागे ठरते, म्हणून विहीर, उकिरडा, नाला आणि नियोजित खड्डा या चारही जागी वाचन घ्यावे आणि जवळच्या पाण्याची वाहकता मोजणे त्यातच धरले आहे, असे कामाआधी लेखी घ्यावे. आमचा शोषखड्डा आता विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, जाड काळ्या मातीच्या तुकड्याजवळ आखला आहे.