पोर्टलंडचं हॅलोविन फॅमिलीसोबत: पॅडल, भोपळ्याच्या होड्या आणि कँडी

पाचपैकी पाच स्टार पॅडलला (म्हणजे वेश करून, लांब बोर्डवर उभं राहून वल्हवत नदीत फेरी मारायची), बोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानाला चार, आणि बाकीच्या गोष्टींचं खाली लिहितेय, कारण इथे ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या ग्रुपवर ऑक्टोबर आला की हाच विषय सुरू होतो, ३१ तारखेला हॅलोविनला मुलं दारोदार कँडी मागत फिरतात, त्याशिवाय त्यांना कुठे न्यायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी पोर्टलंडला विलामेट नदीवर लोक काळे झगे, टोकदार टोप्या घालून चेटकीण बनून पॅडल बोर्डवर उभे राहून निघतात, त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्या मोठ्या गर्दीत लहान मुलांना घेऊन उतरणं मला पटत नाही. आम्ही ओळखीच्या काही फॅमिलीजनी मिळून काढलेल्या छोट्या पॅडलला गेलो. फी काही नाही, फक्त प्रत्येक घराने फूड बँकेसाठी (गरजूंना फुकट अन्न देणारी संस्था) टिकणारं खाणं आणायचं आणि वेश करून यायचं. मुलांना आधी घरी सांगितलं होतं की हे डबे कुणाकडे जाणार आणि का, त्यामुळे लेकीने स्वतः दुकानात जाऊन पीनट बटर आणि राजम्याचे कॅन निवडले. सासूबाई नाशिकहून आलेल्या, त्यांना पाण्यात उतरायचं नव्हतं, तर त्या काठावर डोनेशनच्या टेबलाशी बसल्या आणि प्रत्येक कॅनची एक्स्पायरी बघून पिशव्या लावून दिल्या, आणि हे काम त्यांना इतकं आवडलं की पुढच्या वर्षी मीच टेबल सांभाळणार असं सांगून टाकलंय. म्हणजे घरात पोहणारे, न पोहणारे, आजी-आजोबा, सगळ्यांना यात जागा आहे, आणि माझ्या मते हीच याची सगळ्यात मोठी गोष्ट.

आता सेफ्टी, आणि हे नीट वाचा. पॅडल बोर्ड कायद्याने बोटच धरतात, म्हणजे माणशी एक लाइफ जॅकेट आणि शिट्टी सोबत हवीच, आणि ओरेगॉनमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट नुसतं बोर्डवर ठेवून चालत नाही, पूर्ण वेळ अंगावर पाहिजे. वॉटरवे ॲक्सेस परमिट म्हणून पाण्यात बोट उतरवायचा एक परवाना असतो, आपल्या बोर्डला लागतो का ते स्टेट मरीन बोर्ड या राज्याच्या बोटींच्या खात्याच्या साइटवर आधी बघा. झगा आत आणि जॅकेट वर, उलटं नको, नाहीतर पडल्यावर कापड तोंडावर येतं. झगा गुडघ्याच्या वर कापा, घागरा किंवा साडी नेसून बोर्डवर चढू नका, पाय अडकतात. मास्कपेक्षा फेस पेंट बरा. वाहत्या पाण्यात बोर्डला जोडणारा, घोट्याला बांधायचा पट्टा कुठे अडकला तर सोडवता येत नाही, त्यापेक्षा कमरेचा, ओढला की सुटणारा पट्टा मागून घ्या. पाणी तेव्हा चांगलंच गार असतं, वेटसूट घालाच, आणि सकाळी निघा कारण दुपारी वारा सुटतो. शिवाय समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम इथून वर ओरेगॉन सिटीच्या धबधब्यापर्यंत जाणवतो, त्यामुळे परतताना जोर लागू शकतो हे धरून चला.

दुकानाचा एक स्टार का कापला, तर बोर्ड चांगले होते, वल्ह्याची उंची नीट लावून दिली, पण लेकीला दिलेलं जॅकेट एवढं मोठं की खांद्याला धरून वर उचललं की कानापर्यंत यायचं. दोनदा सांगितल्यावर बदलून दिलं. मुलांच्या जॅकेटच्या बाबतीत दोनदा सांगायची वेळ यायलाच नको.

पाण्यात उतरायचंच नसेल तर पोर्टलंडजवळच्या टुआलाटिन गावची जायंट पंपकिन रेगाटा, म्हणजे भोपळ्याच्या होड्यांची शर्यत, बघा, २००४ पासून चालू आहे. शेकडो किलोचे भोपळे आतून कोरतात आणि वेश केलेली माणसं त्यात बसून वल्ही मारत शर्यत लावतात! भोपळा कढईसारखा गोल गोल फिरतो, सरळ जातच नाही, मुलं हसून हसून लोळतात. जागा मिळवायला लवकर जा.

पोर्टलंडजवळच्या सॉवी आयलंडचे पंपकिन पॅच (भोपळ्यांची शेतं) आणि मक्याचा भूलभुलैया छान आहेत पण बेटावर जायला पूल एकच, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, त्यामुळे जमलं तर मधल्या वारी जा आणि गमबूट न्या, चिखल भरपूर असतो.

३१ तारखेचं थोडक्यात. सहाच्या सुमारास अंधार पडतो, झग्यावर चमकणारी टेप लावा. व्हेजिटेरियन असाल तर कँडी घरी आल्यावर लेबल वाचा, मार्शमेलो, बऱ्याचशा गमीज आणि कँडी कॉर्नमध्येसुद्धा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ॲलर्जीवाल्या मुलांसाठी दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवायची पद्धत २०१४ पासून देशभर पसरलीय, तो दिसला की तिथे खाऊऐवजी छोटी खेळणी, स्टिकर्स मिळतात, आम्हीही ठेवतो. आणि युनिसेफसाठी मुलांनी दारोदार पैसे गोळा करायचं १९५० पासून चालू आहे, पॅडल जमलं नाही तर हे तरी नक्की करा. २०२४ सारखी दिवाळी अगदी चिकटून आली तर पॅडल आधीच्या वीकेंडला उरका, फराळ आणि वेटसूट एकाच दिवशी झेपत नाही.

बोर्ड निदान आठवडाभर आधी बुक करा आणि फोनवर मुलांचं वजन सांगून जॅकेट बाजूला ठेवायला लावा, लहान साइझ सगळ्यात आधी संपतात.