पेनड्राइव्ह थेट उपसला तर? विंडोज आणि लिनक्सचे परीक्षण

माउंट केलेला (म्हणजे सिस्टिमला जोडून वापरात असलेला) पेनड्राइव्ह इजेक्ट न करता उपसणाऱ्यांसाठी विंडोज जास्त सुरक्षित आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ धोरण आहे. ड्राइव्हवरचे राइट-कॅशिंग (डेटा आधी मेमरीत साठवून नंतर लिहिणे) बंद असल्याने कॉपीची खिडकी मिटेपर्यंत डेटा सहसा उतरलेला असतो. डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कच्या प्रॉपर्टीज, मग पॉलिसीजमध्ये जाऊन ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलेत, तर मात्र इजेक्ट सक्तीचे.

लिनक्सवर प्रगतीची पट्टी फसवते, आणि ही उणीव गंभीर आहे. फाइल आधी रॅममध्ये साठते. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साचू शकतो, म्हणजे १६ जीबीच्या मशीनवर काही जीबी. पट्टी शंभरावर पोहोचते, पण संथ ड्राइव्हवर लिहिणे पुढे कित्येक मिनिटे चालूच असते. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही साचलेला डेटा ड्राइव्हवर उतरवणारी आज्ञा चालवा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका. ड्राइव्ह ‘सिंक’ पर्यायाने, म्हणजे प्रत्येक लेखन लगेच उतरेल असा, माउंट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो टाळा: फॅट तक्ता (फाइल ड्राइव्हवर कुठे आहे याची नोंद) पुन्हापुन्हा लिहिला जाऊन वेग कोसळतो आणि फ्लॅश झिजते. त्यापेक्षा न लिहिलेल्या डेटाची मर्यादा ठरवणारे ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ हे सेटिंग सुमारे ५० एमबीवर आणा. पट्टी बरीच खरी बोलू लागते.

वापरात असताना उपसलेल्या ड्राइव्हचे जुने माउंट लिनक्सवर कधीकधी अडकून राहते आणि पुन्हा लावल्यावर ड्राइव्हचे नाव एसडीबीऐवजी एसडीसी दिसते. ‘यूमाउंट -एल’ या आज्ञेने ते अडकलेले माउंट सुटते.

कॉपी चालू असतानाच उपसलात, तर दोन्हीकडे फाइल अर्धवट राहते. फॅट३२ आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या फाइल सिस्टिमना जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नाही, त्यामुळे पुढच्या वापराआधी ड्राइव्ह तपासणारे चेकडिस्क (विंडोज) किंवा एफएससीके (लिनक्स) चालवाच.