वर्कशॉप बंद झाल्यावर कंत्राटी काम: शिरोलीतल्या एका एजन्सीची सेवा

स्वतःचं वर्कशॉप गुंडाळलेल्यांना पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीनं, मशीनिंगचं काम मिळवून देणारी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एजन्सी. नाव मुद्दाम देत नाही. काम मिळतं, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) लावता येणाऱ्या सेटरला तर लगेच.

पण सही करण्याआधी रिजेक्शनचं कलम वाचा. बोअर मारल्यावर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, निघालं, तर दोष कास्टिंग ओतणाऱ्या फौंड्रीचा, म्हणजे सीआर (कास्टिंग रिजेक्शन). मशीनवर साइज चुकली तर तुमचा, एमआर (मशीनिंग रिजेक्शन). यांच्या छापील करारात दोन्हीला एकच शब्द, ‘रिजेक्शन’, आणि बिल तिथंच कापलं जातं. दोन्ही वेगळे लिहून घ्या. सीआर पीसची मजुरी मिळेल, असंही. इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलायची धारदार टोकं, कुणाचे तेही ठरवा. कास्टिंगला वाळू चिकटलेली असली की त्यांच्या कडा पटापट उडतात आणि पीसचा दर आहे तोच राहतो.

टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापायचा आयकर, 1 टक्का कापतात, ते बरोबर. पॅन दिला नाही तर मात्र 20. उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचे, पैसे मागतात. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, देऊ नका. जुना जीएसटी नंबर रद्द करायला आरईजी-16 हा अर्ज भरून देतात, ठीक. नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं, त्यावर चकार शब्द नाही. शिल्लक माल आणि मशीनवर घेतलेल्या क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) हिशेब त्यात द्यावा लागतो, आणि भरायची रक्कम कधीकधी घाम फोडते.

हिशेबनीस मात्र चोख. मागितली की टीडीएस भरल्याच्या चलनाची प्रत हातात.