खोलीच्या आकाराचा अंदाज घ्यायचाय: स्क्रीनवर बघावं की हेडसेटमध्ये?

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताना किंवा घराचं इंटिरियर ठरवताना थ्रीडी वॉकथ्रू (संगणकावर उभ्या केलेल्या घरातून फिरवणारं दृश्य) स्क्रीनवर बघायचा की व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारं उपकरण, डोळ्यांवर लावून, असा प्रश्न येतो. खोली केवढी आहे हे सांगताना दोन्ही चुकतात, पण उलट दिशांना.

स्क्रीनवरच्या वॉकथ्रूत कॅमेरा बहुतेकदा वाइड अँगलचा असतो. समोरची भिंत मागे सरकते आणि छोटी बेडरूमही ऐसपैस दिसते. रंग, फरशी, ओट्याची दिशा ठरवायला हे पुरे. पलंग आणि कपाट यांच्यामधून माणूस जाईल का, हे त्यावरून मुळीच ठरवू नका.

हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात, पुढे वाकलं की टेबल जवळ येतं. छत बुटकं आहे, पॅसेज अंगावर येतोय, हे लगेच जाणवतं. पण अंतर आखडतं. २०१३ मध्ये संशोधक रेबेका रेनर आणि सहकाऱ्यांनी आभासी दृश्यांत अंतर ओळखण्याचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा लोकांचे अंदाज सरासरी मूळ अंतराच्या ७४ टक्क्यांवर आले, म्हणजे १२ फुटांवरची भिंत जेमतेम ९ फुटांवर वाटावी. खऱ्या जगात एखादी खूण दाखवून डोळे बांधले, तरी माणसं सुमारे २० मीटरपर्यंत बऱ्यापैकी अचूक चालत जातात. हेडसेटमध्ये तीच माणसं अलीकडेच थांबतात. नव्या हेडसेटचं वजन कमी आणि दृष्टिक्षेत्र मोठं, त्यामुळे चूक घटली आहे, संपलेली नाही. चित्र हुबेहूब असलं की अंतर बरोबर वाटेल, ही समजूतही टिकत नाही: २००४ च्या एका प्रयोगात नुसत्या रेषांची खोली आणि फोटोसारखी खोली यांत फारसा फरक पडला नाही. तेव्हा केवळ त्यासाठी महागड्या रेंडरिंगवर (हुबेहूब चित्र तयार करण्यावर) पैसे घालू नका.

तरीही निवड माझ्यावर सोपवलीत तर मी हेडसेटच घेईन, कारण त्यातली चूक सुधारता येते. हेडसेटमध्ये तुमच्या बुबुळांमधलं अंतर आणि जमिनीची पातळी आधी नीट लावून घ्या. मग जॉयस्टिकने दृश्यात उड्या न मारता, हेडसेट लावूनच मोकळ्या हॉलमध्ये काही मिनिटं स्वतःच्या पायांनी चाला. त्यानंतरचे अंदाज बरेच सुधारतात. स्वतःला हेडसेट मानवत नसेल, चक्कर येत असेल, तर आग्रह नको. जमिनीवर चिकटपट्टीने खोलीचा नकाशा आखून त्यात फिरा. आणि कपाट बनवायला टाकण्यापूर्वी, काहीही वापरलं असलं तरी, माप टेपनेच घ्या.